३१ मार्चचं जॅकेट

होळी आली की दिल्लीची थंडी आवरतं घेते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरोजिनी नगरच्या दुकानांसमोर सुती कुर्ते लटकू लागतात. गांधीनगरच्या ठोक बाजारात उन्हाळी मालाचे गठ्ठे उतरतात. आणि कपड्यांच्या साखळी दुकानांची जी मोठी गोदामं गुरुग्रामच्या आसपास उभी आहेत, तिथे न खपलेले स्वेटर आणि जॅकेटं परत येऊन थप्पीला लागतात. नेमक्या त्याच आठवड्यात, ३१ मार्चला, कंपनीचं आर्थिक वर्ष संपतं.

त्या थप्पीतलं एक जॅकेट उचलू. समजा, कंपनीने ते ऑगस्टमध्ये ८०० रुपयांना घेतलं होतं. लेबलवर एमआरपी २,००० रुपये. पूर्ण हंगाम ते दुकानात टांगलेलं होतं, पण कोणी नेलं नाही. आता त्याची किंमत किती धरायची? खरेदी विभाग म्हणेल, ८००, आपण तेवढेच मोजले. दुकानाचा मॅनेजर म्हणेल, पुढच्या नोव्हेंबरात १,२०० ला सहज जाईल. बाहेर उभा असलेला ठोक व्यापारी म्हणेल, आत्ता देत असाल तर ३०० देतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ताळेबंदात मात्र एकच आकडा लिहायचा असतो.

एका जॅकेटाने फरक पडत नाही. पण गोदामात अशी १ लाख जॅकेटं असतील, तर ८०० आणि ३०० यांच्यामधलं अंतर ५ कोटी रुपये होतं. ते ५ कोटी नफ्यात राहतात किंवा नफ्यातून जातात. माल तोच, गोदाम तेच, गिऱ्हाईक तेच.

हा आकडा कसा ठरवायचा, याचा नियम कंपनीला लिहून ठेवावा लागतो. वार्षिक अहवालात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकानंतर टिपा सुरू होतात. त्यांच्या पहिल्याच पानांवर ‘लेखा धोरणं’ या मथळ्याखाली हे नियम असतात. बारीक अक्षर आणि कायदेशीर भाषा पाहून बहुतेक वाचक ती पानं उलटून पुढे जातात. माझं म्हणणं असं, की कपड्याच्या कंपनीचा नफा वाचण्याआधी ही पानं वाचावीत. कापडाच्या धंद्यात नफ्याचा मोठा भाग न विकलेल्या मालात अडकलेला असतो, आणि त्या मालाबद्दल कंपनीने आधी काय ठरवलं होतं हे कळल्याशिवाय नफ्याचा अर्थ लागत नाही.

दिवाळी ते मार्च

आपल्याकडे व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला बदलायचं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आणि पाडव्यापासून नवी वही, ही रीत महाराष्ट्रातल्या आणि गुजरातेतल्या पेढ्यांवर आजही पाळली जाते. सरकारी हिशेबासाठी एप्रिल ते मार्च हे वर्ष ब्रिटिशांनी १८६७ मध्ये आणलं. कंपनी कायदा, २०१३ नुसार, मोजके अपवाद सोडता, प्रत्येक कंपनीचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं.

उत्तरेतल्या कपडेवाल्यासाठी ही तारीख अवघड आहे. दिवाळीला वही बंद केली, तर हिवाळी माल नुकताच आलेला असतो, कोरा आणि मागणीतला. मार्चला वही बंद केली, तर हातात उरतो तो हंगाम हुकलेला माल. पुण्याच्या तुळशीबागेतल्या किंवा दादरच्या दुकानदाराला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. आपल्याकडे लोकरीचा कपडा हा धंद्याचा छोटा कोपरा आहे. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार या पट्ट्यात दुकानं चालवणाऱ्या कंपनीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही वर्षातली मोठी तिमाही असते. सण, लग्नसराई आणि थंडी, तिन्ही तिच्यात येतात. थंडी उशिरा आली किंवा लवकर सरली, की त्याचा हिशेब मार्चला गोदामात दिसतो.

खरेदी किंमत की बाजारभाव

मालाच्या किमतीचा नियम ‘इंड एएस २’ या लेखा मानकात आहे. तो एका वाक्यात सांगता येतो: मालाला जी किंमत पडली ती, किंवा त्यातून निव्वळ जी रक्कम सुटेल ती, या दोन्हींत जी कमी ती धरा. भाव वाढण्याची आशा नफ्यात धरायची नाही. भाव पडण्याची भीती मात्र लगेच मांडायची.

पहिली बाजू, पडलेली किंमत. तिच्यात खरेदीचा भाव, माल गोदामापर्यंत आणण्याचं भाडं आणि परत न मिळणारे कर येतात. पुरवठादाराने दिलेली सूट वजा होते. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल, तर तो कर किमतीत धरत नाहीत. दुकानाची जाहिरात, विक्रेत्यांचे पगार, तयार माल नुसता साठवून ठेवण्याचा खर्च हे आत घालता येत नाही. एकाच प्रकारचा माल वेगवेगळ्या भावाने आलेला असेल, तर भारित सरासरी काढायची की आधी आलेला माल आधी गेला असं मानायचं, हे कंपनीने ठरवून लिहायचं. शेवटी आलेला माल आधी गेला, असं मानायला मात्र मानकाची परवानगी नाही.

दुसरी बाजू अवघड. निव्वळ सुटणारी रक्कम म्हणजे ठोक व्यापाऱ्याने घासाघीस करून सांगितलेले ३०० रुपये, असं थेट होत नाही. मानक म्हणतं, धंद्याच्या नेहमीच्या रीतीने माल विकला तर काय मिळेल ते पाहा आणि त्यातून विकण्याचा खर्च वजा करा. समजा, आपलं जॅकेट पुढच्या हिवाळ्यात सेलमध्ये ८४० रुपयांना जाईल असा कंपनीचा अंदाज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. ८४० मधले ४० रुपये सरकारचे, म्हणून हातात ८००. विकण्याचा खर्च १०० धरला, तर सुटले ७००. जॅकेट ८०० ला पडलं होतं. म्हणजे आजच १०० रुपयांचा तोटा लिहायचा, जॅकेट विकलं गेलेलं नसलं तरीही. १ लाख जॅकेटांवर तो १ कोटी होतो.

या गणितातला प्रत्येक आकडा अंदाज आहे. साधं निळं जॅकेट दोन वर्षांनीही खपतं. छातीवर एखादी चालू फॅशनची अक्षरं छापलेली असतील, तर पुढच्या वर्षी त्याला कोणी हात लावणार नाही. म्हणून पुष्कळ कंपन्या मालाचं वय मोजतात. एक हंगाम जुना, दोन हंगाम जुना, त्याहून जुना, अशा पायऱ्या लावून प्रत्येक पायरीला किंमत किती उतरवायची हे ठरवतात. धंद्यातला शब्द ‘डेड स्टॉक’. कोणता माल मेला हे कोणी ठरवायचं आणि कधी, हा धोरणाचा गाभा आहे.

इथे दिल्लीचा हवामानी पेच पुन्हा आडवा येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक निकाल ६० दिवसांत, म्हणजे मे अखेरीपर्यंत, जाहीर करावे लागतात. ३१ मार्चनंतर आणि हिशेबावर सही होण्याआधी जी विक्री होते, ती अंदाज तपासायला वापरता येते. सुती शर्टाच्या बाबतीत हे छान जमतं, एप्रिल-मेमध्ये तो कोणत्या भावाने गेला ते समोर दिसतं. जॅकेटाच्या बाबतीत पुरावाच येत नाही. मेच्या उन्हात जॅकेट कोण घेणार? खरा भाव नोव्हेंबरात कळतो आणि सही मेमध्ये करावी लागते. मधल्या सहा महिन्यांच्या अंधारात कंपनीला तिचं धोरण आणि तिचा प्रामाणिकपणा, एवढाच उजेड असतो.

मालमोजणीचाही प्रश्न आहे. संगणकात ५०० शर्ट आणि दुकानात ४९२, असं निघतंच. काही चोरीला जातात, काही फाटतात, काहींची नोंद चुकते. याला धंद्यात ‘श्रिंकेज’ म्हणतात. शेकडो दुकानं असलेली कंपनी ३१ मार्चला एकाच रात्री सगळीकडे मोजणी करू शकत नाही. शेवटच्या मोजणीपासून वर्षअखेरीपर्यंत किती घट झाली असेल, याचाही अंदाज धरावा लागतो.

विशालची कहाणी

कोलकात्यात कपड्यांचं छोटं दुकान चालवणारे रामचंद्र अग्रवाल २००१ च्या सुमारास दिल्लीत आले आणि त्यांनी ‘विशाल’ या नावाने कपड्यांची दुकानं वाढवली. स्वस्त कपडे आणि छोट्या शहरांतलं गिऱ्हाईक हा त्यांचा आधार होता. २००७ च्या मध्यावर विशाल रिटेलने शेअर बाजारात प्रवेश केला. २७० रुपये भावाने ११० कोटी उभे करायचे होते. त्यासाठी कितीतरी पट अर्ज आले. दुकानं झपाट्याने वाढली, विक्रीही वाढली आणि कर्जही. २००८ मध्ये जगभर पतपुरवठा आटला तेव्हा कंपनीकडे माल आणि दुकानं भरपूर होती, रोकड नव्हती. कर्ज ७०० कोटींच्या वर गेलं. २०११ मध्ये धंदा सुमारे ७० कोटींना विकला गेला. परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे किरकोळ दुकानं श्रीराम समूहाकडे गेली आणि ठोक व्यवसाय टीपीजी या परदेशी गुंतवणूकदाराकडे. जुन्या नोंदणीकृत कंपनीचं नाव व्ही२ रिटेल झालं आणि अग्रवालांनी तिथून नव्याने सुरुवात केली. ‘विशाल मेगा मार्ट’ हे नाव नव्या मालकांकडे वाढत राहिलं. गुरुग्रामस्थित या कंपनीची ८,००० कोटींची शेअरविक्री डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

ही गोष्ट मी सांगतो ती हिशेबातला एक साधा धडा समजावा म्हणून. कंपनीने १०० कोटींचा माल घेतला आणि त्यातला एकही नग विकला नाही, तरी त्याची किंमत उतरवावी लागेपर्यंत नफा एका रुपयानेही कमी होत नाही. न विकलेला माल खर्चात येत नाही, तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो. रोकड मात्र पूर्ण १०० कोटी गेलेली असते किंवा तितकं देणं उभं राहिलेलं असतं. नवं दुकान उघडायचं म्हणजे ते मालाने भरायचं. दर महिन्याला दुकानं उघडणाऱ्या कंपनीत नफा वाढतो आणि तिजोरी रिकामी होते, दोन्ही एकाच वेळी, आणि हिशेब नियमाला धरून असूनही. नफा-तोटा पत्रकावर थांबणाऱ्याला हे दिसत नाही. रोख प्रवाह पत्रक उघडणाऱ्याला पहिल्या दहा ओळींत दिसतं.

बिल झालं, विक्री झाली का?

दुकानात गिऱ्हाइकाने पैसे दिले, पिशवी उचलली, म्हणजे विक्री झाली. सहसा खरं. पण ‘इंड एएस ११५’ हे मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं आणि त्याने विचारलं, या पैशांच्या बदल्यात तुम्ही अजून काय द्यायचं कबूल केलं आहे?

समजा, बिल २,१०० रुपयांचं. त्यातले १०० जीएसटीचे, ते कंपनीचे कधीच नव्हते. उरले २,०००. त्यावर गिऱ्हाइकाला पुढच्या खरेदीसाठी १०० रुपयांचे पॉइंट मिळाले. अनुभव सांगतो, १०० पैकी ८० रुपयांचे पॉइंट वापरले जातात. म्हणजे या २,००० मध्ये कपडे २,००० चे आणि पॉइंट ८० चे, अशा दोन गोष्टी विकल्या गेल्या. त्या प्रमाणात वाटणी केली की सुमारे १,९२३ रुपये आजची विक्री आणि ७७ रुपये पुढे द्यायचं देणं. गिऱ्हाईक पॉइंट वापरेल तेव्हा ते ७७ विक्रीत येतील.

दिवाळीत गुरुग्राम-नोएडातल्या कंपन्या नोकरदारांना गिफ्ट कार्डं वाटतात. दुकानाला पैसे ऑक्टोबरमध्येच मिळाले, पण कार्ड वापरलं जाईपर्यंत ती विक्री नाही, ते देणं आहे. काही कार्डं कपाटातच राहतात. ती किती, याचा भरवशाचा अंदाज असेल, तर बाकीची कार्डं वापरली जातील त्या प्रमाणात ती रक्कमही विक्रीत घेता येते.

परतीच्या मालाचंही तसंच. १०० शर्ट विकले आणि अनुभवाने ४ परत येतात, तर विक्री ९६ चीच धरायची. मात्र गिऱ्हाइकाने तोच शर्ट त्याच किमतीत फक्त साइज बदलून नेला, तर त्याला परती धरत नाहीत.

मोठ्या दुकानात दुसऱ्या ब्रँडचा कोपरा असतो. तिथला १,००० रुपयांचा शर्ट विकला गेला आणि दुकानाला ३०० रुपये कमिशन मिळालं. विक्री किती लिहायची, १,००० की ३००? मालावर ताबा कोणाचा, न खपल्यास झळ कोणाला, भाव कोण ठरवतं, यावर उत्तर अवलंबून आहे. नफा दोन्हीकडे सारखाच. पण पहिल्या पद्धतीत कंपनी तिपटीहून मोठी दिसते. दोन कंपन्यांच्या विक्रीची तुलना करताना हे तपासलं नाही, तर तुलना फसते.

भाडं कुठे गेलं?

कपड्याच्या साखळी दुकानाला मालाखालोखाल जड जातं ते भाडं. साकेत, कॅनॉट प्लेस किंवा गुरुग्रामच्या मॉलमधली जागा कंपनी विकत घेत नाही, ती भाड्यानेच घेते. ३१ मार्च २०१९ पर्यंत हिशेब सोपा होता: वर्षाचं भाडं, वर्षाचा खर्च. १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस ११६’ आलं आणि नफा-तोटा पत्रकातली भाड्याची ओळ आक्रसली.

एक दुकान घेऊ. वर्षाचं भाडं १२ लाख, करार ९ वर्षांचा, व्याजदर ९ टक्के, भाडं वर्षअखेरीस द्यायचं आणि ते वाढत नाही असं सोपं गणित. नऊ वर्षांच्या भाड्याची आजची किंमत होते सुमारे ७१ लाख ९४ हजार. तेवढं देणं ताळेबंदात लिहायचं आणि तेवढ्याच रकमेचा ‘जागा वापरण्याचा हक्क’ मालमत्तेत. मग दरवर्षी त्या हक्कावर घसारा आणि देण्यावर व्याज. पहिल्या वर्षी घसारा ७ लाख ९९ हजार आणि व्याज ६ लाख ४७ हजार, एकूण जवळजवळ साडेचौदा लाख. खिशातून गेले १२ लाखच. शेवटच्या वर्षी हाच खर्च सुमारे ९ लाखांवर येतो. नऊ वर्षांची बेरीज शेवटी १०८ लाखच.

म्हणजे नवी दुकानं भराभर उघडणाऱ्या कंपनीचा नफा या मानकाने सुरुवातीला कमी दिसतो. उलट व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा, ज्याला बाजारात ‘एबिटडा’ म्हणतात, तो एकदम फुगतो, कारण १२ लाखांचं भाडं त्याच्या खालच्या ओळींत उतरलेलं असतं. म्हणून अनेक कंपन्या या मानकापूर्वीच्या पद्धतीचाही आकडा देतात. तो शोधून वाचावा.

यातही एक निवड आहे. कराराची मुदत ९ वर्षांची, पण तीन वर्षांनंतर दुकानदार सोडून जाऊ शकतो, असे करार आपल्याकडे सर्रास होतात. मग देणं नऊ वर्षांचं धरायचं की तीन? तीन धरलं तर तेच देणं ३० लाख ३८ हजारांवर येतं. करार तोच, जागा तीच. कंपनीला तिथे राहायची किती खात्री आहे, यावर आकडा ठरतो. विक्रीच्या टक्केवारीवर ठरलेलं भाडं तर या देण्यात येतच नाही, ते त्या-त्या वर्षीच्या खर्चात जातं. मॉलमध्ये अशी कलमं बरीच असतात.

कसं वाचावं

हे नियम जिथे ठरतात, ती ठिकाणंही दिल्लीतच आहेत. भारतीय सनदी लेखापाल संस्था, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली, इंद्रप्रस्थ मार्गावर आहे. मानकं अधिसूचित करणारं कंपनी व्यवहार मंत्रालय आणि लेखापरीक्षकांवर नजर ठेवणारं, २०१८ मध्ये आलेलं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणही याच शहरात. नियम करणारे आणि जॅकेटं मोजणारे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असले, तरी नियम कागदावरून गोदामात उतरतो की नाही, हे शेवटी वाचणारा किती बारकाईने वाचतो यावरही अवलंबून असतं. आज महाराष्ट्रातल्या गावागावांतून दरमहा एसआयपीचे हप्ते जातात. त्यातून अशा कंपन्यांचे शेअर कळत-नकळत आपल्या घरात आलेले आहेत. म्हणून हे वाचन आपलंही काम आहे.

क्रम सोपा आहे. आधी लेखा धोरणांची पानं काढा आणि मालाचं धोरण वाचा. मग मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून तोच परिच्छेद ताडून पाहा. धोरण बदललं असेल, तर कंपनीला ते सांगावं लागतं आणि सहसा मागचे आकडेही नव्या धोरणाने मांडावे लागतात. अंदाज बदलला असेल, तर मात्र परिणाम फक्त त्या वर्षापासून पुढे धरला जातो, मागचे आकडे बदलत नाहीत, आणि तो एका ओळीत दडू शकतो. जुन्या मालाची किंमत उतरवण्याचा दर ४० टक्क्यांवरून २५ वर आणणं हा अंदाजातला बदल आहे आणि त्या एका ओळीत कोट्यवधींचा नफा असू शकतो.

त्यानंतर विक्री किती टक्के वाढली आणि मालाचा साठा किती टक्के वाढला, हे दोन आकडे एकमेकांशेजारी लिहा. साठा सतत पुढे धावत असेल, तर कारण शोधा. मग रोख प्रवाह पत्रक. मग लेखापरीक्षकाच्या अहवालातले ‘प्रमुख मुद्दे’. कपड्याच्या कंपनीत तिथे बहुधा मालाच्या किमतीचाच उल्लेख असतो.

आणि शेवटी एक काम, जे एका वर्षात होत नाही. ३१ मार्चला कंपनीने जुन्या मालाची किंमत किती उतरवली, तो आकडा टिपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अहवालात पाहा, आणखी उतरवावी लागली, की उतरवलेल्यातलं काही परत आलं. एखादं वर्ष अंदाज चुकणारच. थंडी कोणाच्या हातात नाही. पण चूक दरवर्षी एकाच दिशेने, नफा फुगवण्याच्या दिशेने होत असेल, तर तिचं कारण हवामानात सापडणार नाही. ते मेमध्ये सही करणाऱ्या हातात शोधावं लागेल.